वळणावरचा हिरवा दिवा

माझी बायको शांत बसलेली मी फक्त आमच्या लग्नाच्या फोटोत पाहिली आहे. एरवी ती जेवताना उठते, फोनवर बोलताना कपाटं आवरते आणि झोपेतसुद्धा कूस बदलून बदलून चादरीचा बोळा करते. रस्त्याने गाड्यांशी बोलावं, हे तिचं संशोधन. आमच्या औषधांच्या दुकानात कुणी विचारलं की मी सांगतो, घरात बोलायला वेळ नाही म्हणून बाई रस्त्यावर बोलणं शिकवतात.

शहराबाहेर चढावर एक आंधळं वळण आहे. पलीकडून काय येतंय ते दिसत नाही, आणि तिथे दर वर्षी अपघातात माणसं जातात. तिने त्या रस्त्यात दोन्ही बाजूंना छोटे सेन्सर पुरले. वरून गाडी गेली की सेन्सर पुढच्याला वायरलेसने कळवायचा, तो त्याच्या पुढच्याला, आणि वळणाआधीचा दिवा लाल व्हायचा. काही नसेल तर हिरवा. बॅटरी तीन वर्षं पुरवायची म्हणून एरवी त्यांनी गप्प राहायचं. या गप्प राहण्याचं तिला फार कौतुक होतं.

आमच्या आईचा नियम नेमका उलटा. घराबाहेर पडलेल्या माणसाने पोचल्यावर एक मिस्ड कॉल द्यायचा. मी इमानेइतबारे देतो. बायकोने कधीच दिला नाही. "आई, माझा फोन आला नाही म्हणजे मी सुखरूप आहे असं समजत जा," असं सांगून ती मोकळी. आई समजायची नाही. सून येईपर्यंत दर थोड्या वेळाने दारापर्यंत जाऊन यायची.

मंजुरीसाठी रस्तेखात्याचे साहेब येणार होते, त्याच्या आधीच्या आठवड्यात तिने मला तालमीला जुंपलं. मी आमची गाडी घेऊन वळणावर आलो. दिवा हिरवा होता. मी वळलो आणि समोर दुधाचा टँकर. मी गाडी चरात घातली म्हणून हे सांगायला उरलो आहे. बायको धावत आली, मला खांद्याला धरून चाचपलं आणि विचारलं, "दिवा नक्की हिरवाच होता ना?" त्या क्षणी माझं डोकं असं फिरलं की आईला मिस्ड कॉल द्यायचंही राहून गेलं.

एका सेन्सरमध्ये पाणी शिरून तो बंद पडला होता. तिच्या प्रकल्पाचे प्रमुख असलेले सर म्हणाले, बदलून टाका, विषय संपला. पण घरी आई माझ्यावरच घसरली. "सकाळपासून फोन का नाही केलास? माझा जीव टांगणीला लागला होता."

सवयीने बायको म्हणाली, "आई, फोन नाही म्हणजे तो ठीक..." आणि तिथेच थांबली. हातातली ताटली तिने ओट्यावर ठेवली, मग उचलली, मग परत ठेवली. "मेलेला सेन्सरही गप्पच असतो," ती म्हणाली. "आणि मी त्यालाच रस्ता मोकळा आहे असं समजले."

त्यानंतर तिचा पाय एका जागी ठरेना. सगळ्या सेन्सरनी सतत 'मी आहे, रस्ता रिकामा आहे' असं कळवत राहायला हवं होतं, आणि एकही खबर चुकली तर दिवा पिवळा व्हायला हवा होता. पण इतकं बोलायचं तर बॅटरी जेमतेम वर्षभर पुरणार, आणि कागदावर कबूल केली होती तीन वर्षं. सर म्हणाले, "आधी मंजुरी घेऊ, मग दुरुस्त करू. या खेपेला नाही झालं तर प्रकल्प बंद. तुमची नोकरीही त्याच्याबरोबर जाईल." ती घरभर फिरत राहिली. मी म्हटलं, "सर म्हणतात ते कर ना." वळणावर मीच वाचलो होतो, तरी मी हे म्हटलं. मला तिची नोकरी हवी होती.

साहेब आले. सगळं झकास चाललं. लाल, हिरवा, लाल. सरांचा चेहरा खुलला. तेवढ्यात बायको रस्त्याकडेला वाकली, एका सेन्सरचं झाकण काढलं आणि बॅटरी उपटून तळहातावर धरली. दिवा हिरवाच राहिला.

"साहेब, रस्ता मोकळा आहे असं हा दिवा म्हणतोय," ती म्हणाली. "आता तुमची गाडी न्या."

ड्रायव्हरने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी सरांकडे. गाडी जागची हलली नाही.

निकाल ऐकायला तिला सरांबरोबर रस्तेखात्यात जावं लागलं. मी घरी आलो आणि आईला सगळं सांगितलं. मला बायकोचा राग आला होता आणि अभिमानही वाटत होता, आणि दोन्हींचं काय करावं ते कळत नव्हतं. आई दारापर्यंत जाऊन आली. परत निघाली तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन एकदाच वाजला आणि बंद झाला.

आईने नंबर पाहिला. "पोचली," ती म्हणाली, आणि आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच दाराकडे न जाता खुर्चीत बसली.