बंगालच्या सेनांचं देवक

माझा मुलगा कलकत्त्यात गलाईचं दुकान चालवतो. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा हा धंदा आमच्या वडूजकडची माणसं देशभर करतात. तिथल्याच एका बंगाली मुलीशी लग्न करणार म्हणून त्याने फोनवर सांगितलं, तेव्हा मला आनंदच झाला. मी उभा जन्म सांगलीच्या शाळेत इतिहास शिकवला. पुस्तकातला बंगाल आता घरात येणार होता.

अडचण एकच, माझा मोठा भाऊ. अण्णा फौजेतून सुभेदार होऊन आला आणि आता वडूजजवळ गावी शेती बघतो. त्याच्याशिवाय आमच्यात कुणाचं लग्न ठरत नाही.

"पोरगी लय चांगली आसंल," तो म्हणाला, "पन कूळ कंचं? देवक काय? ते कळल्याबिगर मी मांडवात पाय ठेवनार न्हाई."

देवक म्हणजे लग्नाआधी घराण्याची खूण म्हणून पुजायची झाडाची पालवी. बंगाल्यांचं देवक मी कुठून आणू? मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "काका नसतील तर मलाही मांडव नको." दोघेही एका माळेचे मणी.

मग माझ्यातला मास्तर जागा झाला.

"आवं अण्णा, बंगालवर सेन घराण्याचं राज्य हुतं. ते मूळचे कर्नाटकातले. म्हंजी आपल्या मिरजेच्या पलीकडनं गेलेली मानसं."

कर्नाटक खरं, मिरज माझ्या पदरची. पण अण्णाचा चेहरा खुलला. "आसं व्हय! मंग ही आपल्याकडचीच म्हनायची." दोन दिवसांत त्याने गावभर करून टाकलं की सून सेन राजांच्या कुळातली आहे. असं मी म्हटलंच नव्हतं. पण गाडी रुळावर येत होती, मी कशाला मध्ये पडू?

दिवाळीनंतर मुलगी आणि तिचे आईवडील गावी आले. वडील पोस्टातून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, हळू बोलणारे. ते खुर्चीत टेकतात न टेकतात तोच अण्णाने फौजेतल्या हिंदीत विचारलं, "तुम्ही सेन राजांच्या खानदानातले ना?"

त्यांनी नुसती मान हलवली असती तरी सोयरीक तिथेच जमली असती.

"नाही," ते हिंदीत म्हणाले. "आणि असतो तरी मिरवलं नसतं. कुळांची उतरंड आमच्याकडे सेनांनी रचली, असं जुनी माणसं सांगायची. तिच्यापायी माझ्या आजीची बहीण एका म्हाताऱ्याला दिली. कूळ उंच होतं. त्याने तिला एक दिवस नांदवलं नाही."

मग तेच पुढे म्हणाले, "सांगायचंच तर मी पाल राजांचं सांगेन. ते सेनांच्या आधीचे. देशात अंदाधुंदी माजली होती. लोकांनी आपल्यातला एक माणूस निवडून राजा केला. त्याचं कूळ आजही कुणाला धड ठाऊक नाही. पण त्याच्या वंशाने पिढ्यानपिढ्या राज्य केलं."

लोकांनी नव्हे, सरदारांनी, असं मी वर्गात शिकवायचो. पण ती दुरुस्ती करायची ही वेळ नव्हती.

चहा घेऊन आक्का दारात उभी होती. आक्का आमची थोरली बहीण. वडिलांनी मोठं कूळ बघून तिला दिली होती, आणि वर्षाच्या आत अण्णाच तिला परत घेऊन आला. तेव्हापासून ती इथेच आहे. घरात एवढी लग्नं झाली, पण शुभकार्याच्या वेळी ती स्वयंपाकघरात असायची आणि आम्हीही तिला कधी पुढे बोलावलं नाही. हिंदी तिला टीव्हीमुळे चांगली समजते. कप ठेवता ठेवता तिने मला हळूच सांगितलं, "त्यास्नी इचार, त्या बाईला शेवटी कुनी बगितलं?"

मी विचारलं. "माझ्या वडिलांनी," पाहुणे म्हणाले.

आक्काने मान डोलावली.

अण्णाने मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "आरं, राजा निवडून घेत्यात मानसं. पोरानं बायकु निवडली तर काय बिघडलं? देवक आपलंच पुजू." माझ्या अंगावरचं ओझं उतरलं. मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

वहिनी ओटीचं ताट घेऊन उठल्या. अण्णाने त्यांना हाताने थांबवलं.

"वटी आक्का भरंल."

"मी?" आक्का मागे सरली. "आरं, मी कशी?"

"तूच भरायची," अण्णा म्हणाला. त्याने वहिनींच्या हातातलं ताट घेऊन तिच्यापुढे धरलं.

मुलीला सगळं कळलं असेल असं नाही, पण तिने आक्कापुढे येऊन पदर पसरला. आक्काने तांदूळ घातले, नारळ ठेवला, कुंकू लावलं. मुलगी पाया पडायला वाकली, तेव्हा आक्काने तिच्या डोक्यावर हात ठेवला. असा आशीर्वाद तिने आजवर कुणालाच दिला नव्हता.

ती म्हणाली, "सुखानं नांद, बाई."