बॅकफायर आणि रेशमी धागा

आमच्या जुन्या स्पोर्ट्स कारनं बॅकफायर केलं, म्हणजे आतला भडका उलटा फिरला, आणि इंजिनाला हवा नेणारा पाइप तडकला. सगळे म्हणाले, विलायतेहून नवा मागवा. आमच्या शहरातल्या महाल भागातल्या एका मेकॅनिकनं मात्र तोच वेल्ड करून, घासून बसवला. इंजिन सुरू करून त्यानं खिशातला रेशमी धागा सांध्याजवळ धरला. धागा आत ओढला गेला.

"इथून हवा घेऊन राहिला," म्हणत त्यानं सगळं परत खोललं. असं तीनदा झालं.

मी वैतागलो. "एवढ्याशा हवेनं काय होतं?"

"भाऊ, उमरेडच्या विणकराचा पोरगा आहो मी. एक धागा चुकला, तर माहा बाप हातभर विणलेलं उकलून टाके."

चौथ्यांदा धागा सरळ लोंबत राहिला. मेकॅनिक त्या धाग्याकडे बघतच राहिला.

"आज बाप पाह्यजे होता," म्हणाला.