सुनेच्या नावाची डबी

"लाजायचं काय त्यात? समद्यांचं सारखंच असतंय." दारात उभं राहून मावशी एवढं म्हणाल्या की माले गावातला भलाभला ताठ माणूसही निमूटपणे शौचाच्या नमुन्याची डबी हातात घ्यायचा.

आमचं काम पोटातल्या जंतांची जात ओळखण्याचं. काही जंत सूक्ष्मदर्शकालाही चकवतात, म्हणून आम्ही नमुन्यातून त्यांचा डीएनए वाचायचो. डब्या गोळा करायला गावातल्याच या मावशी मिळाल्या. दम्याची गोळी रोज चालू, तरी चढावर माझ्यापुढे. मी मागे राहिले की थांबून हसायच्या.

"मावशी, तुमचीही डबी द्या की."

"माजं काय बघायचंय मॅडम? तरण्या पोरींचं बघा."

एका घरची नवी सून मात्र सासऱ्यादेखत डबी घेऊन जायला काही केल्या तयार होईना. तिसऱ्या दिवशी मावशी तिच्या नावाची भरलेली डबी घेऊन हजर. "दिली बाई एकदाची," म्हणाल्या. मी त्यांना शाबासकी दिली. तुम्हीही दिली असती. मला मात्र त्या शाबासकीची अजून लाज वाटते.

दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. त्या डबीत निघालेल्या जंताला शाळेत वाटतात ती गोळी पुरत नाही, आणि दम्यासाठी स्टिरॉइड घेणाऱ्याच्या तो जिवावर उठतो. आम्ही घाईने सुनेसाठी वेगळं औषध पाठवलं. मावशींनीच ते नेलं आणि समोर बसून तिला गिळायला लावलं.

महिन्याभरात मावशी पुण्याच्या इस्पितळात होत्या. भेटायला गेले तर त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"मॅडम, ती डबी माजी व्हती."

"अहो, तेव्हाच सांगायचं ना मावशी."

"सासरा पोरीला लई बोलला असता. मला वाटलं, जंतच तर हायेत."

मी तशीच डॉक्टरांकडे धावले. औषध सुरू झालं, पण जंत फुप्फुसात पोचले होते. तिसऱ्या दिवशी मावशी गेल्या. कॉरिडॉरमध्ये मी हमसून हमसून रडले, आणि मावशींना बघायला गावाहून आलेली ती सून माझी समजूत घालत होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

दुसऱ्याच्या नावावर आलेला नमुना नियमाप्रमाणे रद्द करावा लागतो. सोमवारी ऑफिसात जाऊन मी तो रद्द केला. आता मालेच्या यादीत तो जंत नाही, आणि मावशीही नाहीत.