चाळीस लिटर दूध

दहावीनंतर मी गणित सोडलं ते कायमचंच, असं मी धरून चालले होते. बी.ए. झाल्यावर बँकेच्या परीक्षेत ते पुन्हा समोर येऊन बसलं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. त्यांनी मला मुखेडहून लातूरला आणलं, क्लास लावला, मुलींच्या खोलीत एक कॉट बघून दिली आणि जिना उतरताना म्हणाले, "आता पास झाल्याबिगर गावाकडं यायचं न्हाई."

मला वाटलं, बोलतात तसं. पण दिवाळीला फोन केला तर म्हणाले, "अभ्यास बुडंल." मामेबहिणीच्या लग्नाच्या वेळीही तेच. मागून आई काहीतरी बोलत असायची, तेवढ्यात फोन बंद व्हायचा.

क्लास सुटला की अभ्यासिका. तिथं प्रत्येकीला प्लायवूडचा एक खण. समोर फळी, दोन्ही बाजूंना फळी. खिडकी होती, पण पुस्तकांच्या कपाटामागे गेलेली. त्या खणात मी मिश्रणाच्या उदाहरणांवर अडकले. चाळीस लिटर दुधातून चार लिटर काढलं आणि तेवढंच पाणी घातलं. असं दोनदा केलं, तर दूध किती उरलं? मी चाळीसातून आठ वजा करायचे. बत्तीस. पर्यायांमध्ये बत्तीस असायचंच, आणि ते चूकच असायचं. सर फळ्यावर सूत्र लिहायचे. "पाठ करा. विचार करत बसू नका, टाइम जातो." मी पाठ केलं. पण प्रश्न जरा फिरवून आला की ते सूत्र कुठं लावायचं तेच कळेना. उठून जावं म्हटलं तर जाणार कुठं?

खोलीत माझ्यासोबत देगलूरकडची एक बाई होती. माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला तिकडच्यासारखं अक्का म्हणायचे. तिची मुलगी सासूजवळ होती. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची परीक्षा.

एका रविवारी दुपारी मी पुस्तक भिंतीवर फेकलं. अक्कानं ते उचलून आणलं.

"मला डोकंच न्हाई, अक्का."

"डोकं हाय. तू पाणी बघायलीस. पाणी सोड, दूध धर. पयल्यांदा चार लिटर काढलं, छत्तीस राहिलं. मग पाणी घातलं. आता दुसऱ्यांदा जे चार लिटर काढलंस, ते निव्वळ दूध हाय का?"

"न्हाई. त्यात पाणीबी आलं."

"मग दूध चार लिटर कसं जाईल?"

मी वहीवर चाळीस लिहिलं, त्याखाली चार. मग सावकाश म्हणाले, "जे राहिलंय त्याचा दहावा भाग जाईल."

छत्तीसमधून तीन पूर्णांक सहा दशांश गेले. बत्तीस पूर्णांक चार दशांश. तेही पर्यायांत होतं, बत्तीसच्या अगदी खाली. मी हसायला लागले ते थांबेचना.

परीक्षेचं केंद्र विष्णुपुरीला एका कॉलेजात होतं. मिश्रणाचा प्रश्न आला, मी सोडवला. निकालात गणिताचे गुण चांगले होते. इंग्रजीत मात्र मी नापास झाले. अक्का पास झाली, गळ्यात पडून रडली आणि सामान बांधून मुलीकडे गेली.

वडील फोनवर म्हणाले, "गणित जमलं ना? मग आता एक साल इंग्रजीसाठी."

समोर अक्काची रिकामी कॉट. मी बॅग भरली आणि मुखेडची एस.टी. धरली.

वडील दारातच भेटले. "सुट्टी हाय का?"

"न्हाई. मी परत जाणार न्हाई. इथंच अभ्यास करीन."

"इथं व्हतोय का अभ्यास?"

ते दार अडवून उभेच राहिले. मागून आई म्हणाली, "पोरगी उन्हातून आली. आत तर येऊ द्या तिला."

ते बाजूला झाले. पण कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या वेळी मी घरीच अभ्यास करून परीक्षा दिली आणि बँकेच्या औशाच्या शाखेत लागले. वडील पाहुण्यारावळ्यांना अजून सांगतात, "लातूरला ठेवली म्हणून झालं." मी पाण्याचा तांब्या पुढं करते आणि आत जाते.