आत्याच्या घरामागची भिंत

काम करताना बाबा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले की माझं डोकं फिरतं. पण लालबागच्या आमच्या दीड खोलीत घरून काम करायचं म्हणजे हे आलंच. त्या सकाळी मात्र मीच त्यांना हाक मारली, फुशारकी मारायला. "बघा, आत्याच्या घरामागची भिंत!"

गावी आत्याच्या घराला डोंगर अगदी खेटून. दरड येईल या भीतीने ती दर पावसाळ्यात पुढच्या पडवीत झोपायची. गेल्या उन्हाळ्यात तिथे जाळीच्या पेट्यांत दगड भरून, पेट्या एकावर एक रचून भिंत बांधली. तिचं गणित नेमकं आमच्या ऑफिसात आलं. डोंगर, माती, पेट्या, सगळं कॉम्प्युटरवर मी उभं केलं होतं. आता तशीच दुसरी भिंत आली, म्हणून जुनी फाइल उघडली होती.

बाबांनी उभा जन्म भायखळ्याच्या भाजी मार्केटात कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्या लावल्या. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ही खालची ओळ कशावर बसलीय?"

"मातीवर."

"आणि ती ओली झाली तर? थप्पी वरून पडत नाही गं, खालून सरकते."

"प्रोग्रामला कळतं हो ते!" मी खेकसले, आणि दाखवायला म्हणून पेट्या आणि माती यांच्यामधल्या रेषेवर क्लिक केलं. भिंत इथे सरकू शकते, हे प्रोग्रामला ती रेषा सांगते.

रेषा बंद होती. म्हणजे माझी भिंत जमिनीला डिंकाने चिकटवल्यासारखी. गणित सारखं अडकत होतं म्हणून मीच ती बंद केली होती, नंतर चालू करू म्हणून. नंतर! अगं बाई, कुठलं नंतर?

चालू केली. माती ओली धरून पुन्हा गणित लावलं. सेफ्टीचा आकडा एकच्या खाली आला. एकच्या खाली म्हणजे भिंत जागेवर राहत नाही. साहेबांची सही झाली, तपासणी झाली, भिंत उभी राहिली, आणि एकाच्याही लक्षात येऊ नये?

गावाला चार दिवस पाऊस थांबला नव्हता. फोन लावला, स्पीकरवर टाकला. "आत्या, तू पडवीतच झोपतेस ना गं?"

"छे गो! खाट मागल्या खोलयेत नेलंय. तुझी भिंत मा ती, मगे भियाचा कित्याक?"

बाबांनी फोन ओढून घेतला. बहिणीवर त्यांना असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "पयली भायर पड! देवळात जावन बस!"

"कित्याक पण?"

बाबांनी फोन माझ्यापुढे धरला. "तूच सांग."

"आत्या, भिंत चुकली माझी," एवढंच बोलता आलं, आणि मी भोकाड पसरलं.

पलीकडे पावसाच्या आवाजात दाराची कडी काढल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "बरां. तू रडू नको. निघतंय मी."