दोरा, कोरा

माझा हात लवकर उठतो. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं कुठंतरी ते लपवायचा मोह व्हायचा. रिक्षावाल्याशी, गॅसवाल्याशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी मी भांडलेली आहे आणि एकदा बसमध्ये एका माणसाच्या थोबाडीतही दिलेली आहे. त्याबद्दल माहेरी आणि सासरी माझं कौतुकच झालं. नवरा तर पाहुण्यांसमोर म्हणतो की, आमच्या घराला कुत्रं पाळायची गरज नाही. तो चितेगावच्या कंपनीत पाळीवर जातो, बोलायला मवाळ. आम्ही दोघं आणि नववीतली लेक, एवढंच घर.

लेक शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवते. गेल्या वर्षी सप्टेंबरात शहरातल्या शाळांच्या बँडची स्पर्धा ठरली आणि तिच्या सरांनी सांगितलं की, पहिल्या रांगेत चार ड्रमवाल्या पोरी राहतील, त्यांत हिचा नंबर लागू शकतो. अडचण एकच होती. ड्रमवर पहिला ठोका उजव्या हाताचा आणि पहिलं पाऊल डाव्या पायाचं. हिचा उजवा हात पडला की त्याच्यामागं उजवाच पाय निघायचा. पुढची पोर चुकली की अख्खी रांग चुकते. सरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, आठ दिवसांत पाऊल सुधारलं तर पुढं, नाहीतर शेवटच्या रांगेत खुळखुळा. ती घरी येऊन रडली. खुळखुळा ऐकून मलाही झोंबलं.

कारण मीही ड्रमवालीच. फुलंब्रीच्या शाळेत आमचा बँड होता, चामड्याचे ड्रम, पावसात भिजले की ओल्या गोणपाटावर हाणल्यासारखा आवाज यायचा. मैदानावर जायच्या आधी कागद पेटवून आम्ही ते शेकायचो. आमचे पीटीचे सर लिंबाची शिमटी घेऊन रांगेच्या बाजूनं चालायचे. ज्या पोरीचा उजवा पाय आधी निघाला, तिच्या उजव्या पोटरीवर शिमटी. बोलायचे नाहीत, ओरडायचे नाहीत, नुसती सण्‌कन शिमटी. माझ्या पोटरीवर एकावर एक वळ उठले होते. घरी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ते पाहिले आणि दुसऱ्या दिवशी शेतातून थेट शाळेत आले. मला वाटलं, आता सरांची खैर नाही. दादांनी सरांना नमस्कार केला आणि म्हणाले, पोरगी ध्यान देत नसंल तर अजून दोन द्या. त्या दिवशी मला दादांचा इतका राग आला की दोन दिवस मी जेवले नाही. पण पंधरा दिवसांनी पाऊल बरोबर पडायला लागलं, ते आजतागायत. लग्नाच्या वरातीत बँड लागला तरी माझा डावाच पाय आधी पडतो. त्यामुळं मोठी झाल्यावर मी दादांना माफ केलं, सरांनाही केलं. उलट माझ्यासारख्या धसमुसळ्या पोरीला कुणीतरी वळण लावलं असंच सगळ्यांना सांगत आले.

लेकीच्या डाव्या पायाला नजरेचा काळा दोरा होता. तिच्या वर्गातल्या सगळ्याच पोरी बांधतात, नजरेसाठी कमी आणि दिसायला छान म्हणून जास्त. त्यावरून मला युक्ती सुचली. डावा-उजवा म्हटलं की ती गोंधळायची, म्हणून मी म्हटलं, डावा विसर, दोऱ्याचा पाय आधी. दोऱ्याचा तो दोरा, बिनदोऱ्याचा तो कोरा. दोरा, कोरा, दोरा, कोरा. तिला हसू आलं, मलाही आलं. पहिले दोन दिवस आम्ही गच्चीवर हसत हसतच चाललो. खाली भाजी निवडताना, दुकानात जाताना, दात घासताना, दोरा-कोरा चालू. शेजारीण विचारायला लागली, ही कसली शिवणकामाची शाळा काढली म्हणून.

तिसऱ्या दिवशीही पहिलं पाऊल कोऱ्याचंच पडलं. चौथ्या दिवशीही. हातातल्या जास्तीच्या ड्रमकाडीनं मी तिच्या उजव्या पोटरीला टोचलं. मग हलकेच मारलं. मग हलकं राहिलं नाही. मला राग तिचा येत होता की खुळखुळ्याचा, की अजून कशाचा, ते तेव्हा मला ठरवता आलं नाही आणि ठरवायला मी थांबलेही नाही. ड्रमची काडी सागवानी असते, तिच्या टोकाला बोंड असतं. ते बोंड पोटरीच्या मांसात बसलं की वळ उठत नाही, गाठ येते आणि दुसऱ्या दिवशी निळी पडते. हे मला आता ठाऊक आहे. लेक ओरडायची नाही, फक्त एक पाय दुसऱ्या पायामागं लपवायची आणि मी म्हणायचे, लपवू नको, उचल. पाचव्या दिवशी पाऊल बरोबर पडलं. सहाव्या दिवशीही. मी तिला जवळ घेतलं, तिच्या आवडीचं पनीर केलं, तिनं ते खाल्लं. नवऱ्यानं तिचा पाय पाहिला होता. तो एवढंच म्हणाला की जरा जास्त होतंय. मी त्याला म्हटलं, तुम्ही तुमची पाळी बघा. त्यानं ती बघितली.

स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून आभाळ फाटलं होतं. सप्टेंबरातला पाऊस आमच्याकडं असाच सूड घेतल्यासारखा येतो, मैदानाला नुसता बदडून काढतो. काळ्या मातीचा लगदा झालेला, चुन्यानं आखलेल्या रेघा वाहून गेलेल्या. पालकांसाठी ताडपत्रीचा मंडप होता, त्यात पाणी साचून पोट आलेलं, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी बांबूनं ते वर ढकललं की मागच्या रांगेवर धबधबा. छत्रीवरून दोन बापांची जुंपली. एकाला दुसऱ्याच्या छत्रीमुळं पोरगा दिसत नव्हता. त्यानं ती छत्री हिसकून मोडली, दुसऱ्यानं त्याला चिखलात लोळवला, आणि समोर बँडवर देशभक्तीची धून चालू होती. मी त्या दोघांना सोडवायला गेले नाही. मी खुर्चीवर उभी राहून बघत होते, आणि खरं सांगायचं तर मजा घेत होते.

आधी मुलांच्या शाळा होत्या. मोठा ढोल गळ्यात घातलेला एक पोरगा वळणावर घसरला तो ढोलासकट तोंडावर पडला. मागचा पोरगा त्याच्या हातावर पाय देऊन गेला, कारण थांबा म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. पडलेला उठला, नाकातून रक्त, आणि पळत जाऊन आपल्या जागी ढोल बडवायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मैदानाबाहेर आल्यावर त्याच्या मास्तरांनी त्याच्या कानाखाली काढली, ते मंडपातून सगळ्यांना दिसलं. माझ्या बाजूची बाई चुकचुकली. मी म्हणाले, असंच शिकतात हो.

मग आमच्या पोरी मैदानाच्या कडेला येऊन रांगेत उभ्या राहिल्या. लाल कोट, पांढरे स्कर्ट, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे. लेक पहिल्या रांगेत होती, डावीकडून दुसरी. त्यांचे सर तरुण आहेत, किडकिडीत, हातात इशाऱ्यासाठी एक आखूड काठी. ते रांग तपासत चालले होते. लेकीपाशी थांबले. वाकले. पावसानं भिजून जड झालेला तिचा मोजा घोट्यापर्यंत घसरला होता. सरांनी काठीचं टोक तिच्या उजव्या पोटरीजवळ नेलं, आणि लेकीनं मान खाली घातली.

पोटरीजवळ काठी म्हणजे मार, माझ्या डोक्यात याला दुसरा अर्थच नाही. मी खुर्चीवरून उडी मारली. मंडपाची दोरी ओलांडली, चपला चिखलात राहिल्या, त्या तशाच सोडल्या. स्वयंसेवक आडवा आला, त्याला ढकलला. सर अजून वाकलेलेच होते. ते सरळ होईपर्यंत मी त्यांची कॉलर धरली आणि कानशिलात दिली. ओल्या गालावर फार मोठा आवाज होतो. त्यांची काठी हिसकून घेतली आणि म्हणाले, "माझ्या लेकीच्या अंगाला हात लावायचा नाय. मोडून टाकीन."

हे बोलताना मला बरं वाटत होतं. तीस वर्षांपूर्वी दादांनी शाळेत येऊन जे बोलायला हवं होतं तेच मी बोलते आहे, अशी काहीतरी ऊब छातीत आली होती. चाळीस पोरी माझ्याकडं बघत होत्या, पाऊस त्यांच्या टोप्यांवरून गळत होता.

लेक म्हणाली, "सरांनी नाय मारलं, मम्मी. ते विचारत होते, हे कशाचं." मग आवाज अजून खाली नेऊन म्हणाली, "मी सांगितलंय त्यांना, जिन्यावरनं पडले म्हणून."

सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या काठीकडं. काठी मी अशी धरली होती, अंगठा वर आणि टोक खाली, की धरणाऱ्याला सवय आहे हे कुणालाही कळावं. जिना कोणता ते त्यांना कळलं. रांगेतल्या दोन-चार पोरींनाही कळलं, त्या चटकन समोर बघायला लागल्या. सरांच्या गालावर माझी बोटं उठली होती. मला वाटलं, आता ते बोलतील, आणि माझी लायकी चारचौघांत काढतील. माईकवरून शाळेचं नाव पुकारलं गेलं. सर म्हणाले, "काठी द्या ताई. पोरींना पुढं जायचंय."

मी काठी दिली. त्यांनी खाली बसून लेकीचा मोजा वर ओढला, गुडघ्यापर्यंत, नीट. मग पुढं जाऊन काठी उंच केली.

मी तिथंच कडेला उभी राहिले, मंडपात परत जायची हिंमत नव्हती. काठी खाली आली. लेकीचा उजवा हात पडला आणि दोऱ्याचा पाय निघाला. दोरा, कोरा, दोरा, कोरा. आता ड्रमला चामड्याऐवजी प्लास्टिकची पानं असतात, ती ढिली पडत नाहीत. प्रत्येक ठोक्याला त्यावरचं पाणी उसळून पोरींच्या तोंडावर उडत होतं आणि त्या डोळे न मिटता वाजवत होत्या. वळणावर रांग वाकली नाही. जिथं तो पोरगा पडला होता तिथून लेक सरळ गेली. एकदाही चुकली नाही. आणि मला अभिमान वाटला. हे लिहायला लाज वाटते, पण चिखलात अनवाणी उभी असताना, माराचं सगळं उघडं पडलेलं असताना, माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर हे की, बघा, मारल्यामुळंच आलं. दादाही असंच उभे राहिले असतील, तोंडावर हेच हसू घेऊन. ते लक्षात आलं तेव्हा मी हातानं तोंड पुसून काढलं.

नंतर मी सरांची माफी मागितली, मुख्याध्यापकांसमोर. सरांनी माफ केलं, तक्रार केली नाही. फक्त म्हणाले की तिला पाऊल मी शिकवतो, तुम्ही नका शिकवू. नंबर कितवा आला ते विचारू नका, पावसानं सगळ्यांचीच धूळधाण केली होती. रिक्षात लेक माझ्या बाजूला बसली होती, मध्ये ड्रमची पिशवी. रिक्षावाल्यानं वीस रुपये जास्त मागितले, ते मी देऊन टाकले, तेव्हा तिनं चमकून माझ्याकडं पाहिलं.

घरी मी पाणी गरम केलं, हळद काढली. ती पलंगाच्या कडेला बसली, मी खाली फरशीवर. मोजे सोलून काढावे लागले. डावा पाय गोरापान, घोट्याला भिजलेला दोरा. उजव्या पोटरीवर सहा-सात गाठी, काही निळ्या, काही पिवळ्या पडत आलेल्या. ज्या पायाला मी आठ दिवस कोरा म्हणत होते, तो हा. मी हळदीचं बोट टेकवलं तशी पोटरी आतून दगडासारखी घट्ट झाली. तिनं पाय मागं घेतला नाही. तिला शिकवलंच होतं, लपवायचा नाही म्हणून.

मी म्हटलं, "चुकलं माझं."

तिनं डावा पाय पुढं केला. मग म्हणाली, "मम्मी, तो दोरा कापून टाक. नको आता."

मला वाटलं तिला राग आला असेल, दोऱ्याचा, त्या दोरा-कोराचा. मी म्हटलं, राहू दे गं, नजरेचा आहे, दोरा-कोरा नाही म्हणणार मी परत.

"तसं नाय," ती म्हणाली, अगदी सरळ, मला समजावून सांगितल्यासारखं. "दोऱ्याकडं मी बघतच नव्हते. जो दुखतो तो मागनं उचलायचा, एवढंच ध्यानात ठेवलं होतं."

कात्री शिलाई मशीनच्या खणात होती. मी उठले आणि ती आणायला गेले.