भरदुपारची वंदना

केमोच्या खुर्चीत बसलं की सलाईन संपेपर्यंत माणसाला दुसरं काही काम नसतं. शहरातल्या त्या दवाखान्यात अशा वेळी एक मुलगी गाणी घेऊन यायची. संगीतोपचार म्हणे. पहिल्या दिवशी तिनं माझ्या कानाला झऱ्याच्या पाण्याचा आवाज लावला. मी म्हणाले, "बाळ, हे बंद कर. मला सारखं लघवीला जावंसं वाटतंय आणि हाताला सुई आहे." ती हसली. मग तिनं विचारलं, लहानपणी घरात काय ऐकू यायचं?

आमच्या घरात बुद्धवंदना ऐकू यायची. आई अंगण झाडता झाडता त्रिशरण म्हणायची, एकेक शब्द श्वास संपेपर्यंत लांबवत. मुलीनं फोनवर तशीच संथ वंदना शोधून लावली आणि मला सोबत म्हणायला सांगितलं. छातीवरच्या टाक्यांना ताण बसायचा, पण मळमळ जरा मागं हटायची. यानं कॅन्सर बरा होत नाही हे तिनंच आधी सांगून टाकलं, म्हणून मला ती आवडली. "घरीही म्हणा, पण कुणाला तरी सोबत घ्या," ती म्हणाली. "चार आवाज असले की धीर येतो."

सोबत कुणाला घेणार होते मी? मालक जाऊन बरीच वर्षं झाली. लेक पुण्यात, रोज फोन करते आणि रोज "जेवलीस का" एवढंच विचारते. नेकनूरच्या आमच्या गल्लीत शाळेतली बाई म्हणून माझा दबदबा होता. पौर्णिमेला विहारात वंदना मी सांगायची आणि बायका माझ्या मागून म्हणायच्या. आजार कळल्यापासून त्याच बायका माझ्या दारावरून जाताना भराभर पावलं टाकायला लागल्या. कुणाला वाटायचं हा रोग लागतो, कुणाला काय बोलावं ते सुचायचं नाही. शेजारी राहणारी माझी धाकटी जाऊ डबा आणून खिडकीत ठेवायची, हाक मारायची आणि निघून जायची. मला डबा नको होता. मला कुणीतरी जवळ बसायला हवं होतं.

शेवटी एका दुपारी लेकीनं पाठवलेल्या स्पीकरवर मी एकटीनंच वंदना लावली. दार उघडं ठेवलं, आवाज मोठा केला. ऐकून कुणीतरी येईल ही आशा होतीच, कशाला खोटं बोलू. आतल्या खोलीत डोळे मिटून म्हणत बसले.

आता आमच्यात ही संथ वंदना भरदुपारी एखाद्या घरातून मोठ्यानं ऐकू आली, आणि त्या घरात आजारी माणूस असलं, तर तिचा अर्थ एकच. घरात मयत झाली. जन्मभर वंदना सांगणाऱ्या मला हे सुचू नये, याला काय म्हणावं.

वंदना संपली तेव्हा बाहेर कुजबुज ऐकली म्हणून उठले. अंगणात माणसंच माणसं. बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. पुरुष बांबू कुठून आणायचे ते बोलत होते. आत डोकवायला कुणी धजलं नव्हतं.

"कवा गेल्या बाई?"

"सकाळी डबा घेतलता की त्यांनी."

"लेकीला फोन लावला का न्हाई?"

जाऊ पायरीवर बसून रडत होती, अगदी मनापासून. मी तशीच, डोक्याला रुमालही न बांधता, दारात जाऊन उभी राहिले.

"आगं आई, बाई हायेत की," कुणीतरी म्हणालं. एकीनं हातातला हार पाठीमागं लपवला. मला आधी हसू फुटलं. मग एवढी माणसं माझ्यासाठी आली आहेत हे पाहून आनंद झाला. खरं सांगते, कित्येक महिन्यांत तसा आनंद झाला नव्हता.

"आलाच आहात तर बसा," मी म्हणाले. "चहा ठेवते. सगळे मिळून म्हणू."

कुणी बसलं नाही. एकीची शेरडं सुटली होती, दुसरीचं लेकरू उठलं असणार होतं, तिसरीला बीडची गाडी धरायची होती. "पुन्यांदा येतो की, बाई," म्हणत म्हणत अंगण रिकामं झालं. जाऊ तेवढी राहिली.

"आत ये ना," मी म्हणाले.

"न्हाई आक्का. मला न्हाई बघवत तुमच्याकडं." तिनं पदरानं डोळे पुसले. "पर रोज लावत जावा हे. लई भ्यालो आमी. रोज ऐकलं म्हंजी सवय व्हईल, मग कुणी भ्यायचं न्हाई."

मी तिचं ऐकलं. रोज दुपारी वंदना लावते, तशीच मोठ्यानं, दार उघडं ठेवून. गल्लीला खरंच सवय झाली. कुणी मान वर करून बघत नाही. ज्या दुपारी आवाज येणार नाही, त्या दुपारी मात्र सगळे येतील. बसतील, आणि मिळून म्हणतीलही. फक्त त्यांना वंदना सांगायला मी नसेन.